मॉरिस मायनरचं कार्पेट: चिकटवायचं थोडं, काढता येईल असं जास्त

तुमचा प्रश्न मला असा समजला. आजोबांची १९५१ची मॉरिस मायनर, दोन दरवाजांची. डेंटिंग-पेंटिंग झालं, इंजिन चालतंय, सीट शिवून आल्यात. राहिलंय कार्पेट. बडोद्यातला सीटकव्हरवाला म्हणतो, ‘एक दिवसमां थई जशे’, अख्ख्या फ्लोअरवर काळं कार्पेट चिकटवून देतो. पुण्याचा मित्र म्हणतो, इंग्लंडहून तयार किट मागव. दिवाळीला गाडी बाहेर काढायची आहे, आणि तुम्ही विचारताय की कापड कुठलं घेऊ आणि बसवू कसं.

जुन्या गाड्यांच्या आतलं काम, म्हणजे सीट, छत, दारांचे पॅनल आणि कार्पेट, मी दांडिया बाजाराजवळ बरीच वर्षं करतोय. कापडाकडे येतोच, पण तुमच्या प्रश्नात मला आधी दुसरीच गोष्ट दिसली. गाडी कारेलीबागेत उभी असते असं तुम्ही सहज लिहून गेलात. २०२४च्या ऑगस्टमध्ये ती कुठे होती? विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी तुमच्या अंगणात आलं असेल आणि गाडी तिथेच असेल, तर डेंटरने फ्लोअरवर नेमकं काय केलं हे कळल्याशिवाय त्यावर काहीही चिकटवू नका. गाडी कोरड्यात होती म्हणालात, तरी सल्ला फारसा बदलत नाही, फक्त घाई थोडी कमी होते.

त्या पुरानंतर कितीतरी गाड्या माझ्याकडे उघडायला आल्या. वरून शॅम्पू मारलेला, अत्तर फवारलेलं, कार्पेट हाताला कोरडं. सीट काढून कडा उचलली की खाली ज्यूटचा नमदा, म्हणजे कार्पेटखालचा जाड दाबलेला थर, ओलाच्या ओला, आणि त्याच्याखाली पत्र्याला चिकटून बसलेला मऊ करडा गाळ. नमदा पाणी पितो आणि आठवडे सोडत नाही. वरचं कापड पंख्याखाली दोन दिवसांत वाळतं, म्हणून मालकाला वाटतं झालं. फ्लोअर मात्र वरून गंजत राहतो, खालून कितीही अंडरकोट मारलेला असला तरी. आणि पूर तरी कशाला हवा? पुढच्या काचेचं रबर कडक झालं, दाराच्या खालच्या कडेतून पाणी झिरपलं, पावसात भिजलेल्या चपला आत आल्या, एवढं पुरतं.

म्हणून माझ्या कामाचा एकच आग्रह असतो: पाणी जिथे साचू शकतं तिथलं कार्पेट हाताने उचलून बाहेर काढता आलं पाहिजे. टनेल (गाडीच्या मधोमध पुढून मागे जाणारा पत्र्याचा उंचवटा), पुढे पाय ठेवायच्या जागेच्या उभ्या बाजू, मागच्या चाकांवरचे उंचवटे, इथे चिकटवा. सपाट फ्लोअरवर चिकटवू नका. तिथले तुकडे सुटे, कडा बांधलेले, टिचबटणांवर बसणारे हवेत. सगळं एकसंध चिकटवून देतो म्हणणारा कारागीर वाईट नाही, तो रोज नव्या गाड्यांची कामं करतो, त्यांचा पत्रा नवा असतो आणि मालक चार-पाच वर्षांत गाडी विकतो. तुम्ही विकणार नाही. चिकटवलेलं कापड पुढे उपटायची वेळ आली की वरची लव हातात येते आणि पाठ पत्र्यावरच राहते. मग खरवडत बसा, नव्या प्रायमरसकट.

आता मायनरबद्दल एक गोष्ट, जी एकसंध कार्पेट लावणाऱ्याला माहीत नसण्याची शक्यता जास्त. या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसतो. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या लांबट पोकळ भागात बसवलेला असतो, आणि ऑइल बघायचं-भरायचं ते फ्लोअरमधलं झाकण काढून. त्यावर कार्पेट चिकटवलं की ब्रेक ऑइल तपासणं थांबलं समजा. मिस्त्री एकदा शोधेल, दुसऱ्यांदा ‘बरोबर असेल’ म्हणून सोडून देईल. माझी पद्धत अशी: ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा तुकडा पूर्ण सुटा. त्याखालच्या फोमला झाकणापेक्षा बोटभर मोठं भोक. ऑइल भरताना थेंब सांडतोच, आणि साधं ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून त्या जागी भरताना आधी जुनं फडकं पसरायचं, सांडलं तर लगेच पाण्याने पुसायचं. नाहीतर नव्या रंगावर तिथूनच गंजाचा पहिला ठिपका उठतो.

तसंच गिअरबॉक्सवरचं कव्हर. मायनरमध्ये ते वेगळं, स्क्रूवर बसणारं असतं, म्हणजे गिअरबॉक्सला आतून हात लावता यावा. कव्हरवरचं कार्पेट कव्हरच्या कडेपाशी संपलं पाहिजे, त्याची कड फ्लोअरच्या तुकड्याखाली थोडी लपेल एवढीच. ते कापड पुढे फ्लोअरवर ओढून चिकटवलं, तर क्लचच्या कामाला गाडी गेली की मिस्त्री ते ब्लेडने कापेल. त्याचा दोष नाही. पायाने दाबायचा डिपरचा स्विचही फ्लोअरवर असतो. त्याच्याभोवती भोक नेमकं हवं. सैल ठेवलं तर कापड सरकून बटणाखाली जातं.

मायनरच्या फ्लोअरची एक गंमत सांगतो, कापडाचे कागदी साचे कापताना उपयोगी पडेल. मायनरचे डिझायनर अलेक इसिगोनिस यांनी गाडी अरुंद दिसते म्हणून नमुन्याची गाडी मधोमध कापायला लावली आणि चार इंचांनी रुंद केली. बॉनेटच्या मधली सपाट पट्टी तीच. फ्लोअरमध्ये ते चार इंच टनेलच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच असे वाटले गेले. त्यामुळे टनेलच्या उतारापासून सीटपर्यंत थोडी सपाट जागा मिळते, आणि टनेलचं कापड नि फ्लोअरचं कापड यांची गाठ तिथे नीट घालता येते. सांधा उतारावर आणू नका, सपाटीवर आणा.

किटचं काय? बॉडी सरळ असेल आणि फ्लोअर मूळ आकाराचा असेल तर किट चांगलं, यात शंका नाही. कडा मशीनवर बांधलेल्या, टाचेखालची पट्टी शिवलेली, भोकं जवळपास जागेवर. इंग्लंडमध्ये ही गाडी १९७१पर्यंत बनत होती आणि अजून पुष्कळ चालतात, म्हणून सुटे भाग मिळतात. मागवताना मात्र वर्ष नीट सांगा, सुरुवातीच्या आणि नंतरच्या मायनरचे तुकडे सगळे एकसारखे नाहीत. खरा प्रश्न आपल्याकडच्या गाड्यांचा. बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सने बेबी हिंदुस्तान नावाने ज्या जुळवल्या त्या असोत की बाहेरून आलेल्या, सत्तर वर्षांत प्रत्येकीच्या फ्लोअरवर कुणी ना कुणी ठिगळ मारलेलं असतं. कुठे पत्र्यावर पत्रा, कुठे सीटची पट्टी दोन बोटं मागे, कुठे दुसरा गिअरबॉक्स बसवून लिव्हरची जागाच बदललेली. अशा फ्लोअरवर किट टाकलं की कडा उघड्या पडतात किंवा घड्या येतात, आणि कस्टम भरून आणलेल्या कापडाला कात्री लावायला हात धजत नाही. तुमची गाडी कुठल्या गटात आहे हे पाहायला गिअरबॉक्सचं कव्हर, सीटच्या पट्ट्या आणि दोन्ही दारांजवळचा फ्लोअर पाहिला की कळतं. ठिगळं असतील तर इथेच कापून शिवून घ्या.

मूळ काय होतं हेही बघा, कारण त्या काळच्या साध्या गाड्यांत कित्येकदा कार्पेटऐवजी रबराची मॅट असे. डेंटरने सगळं उपटून फेकलं नसेल तर पुरावा उरतो. सीटच्या पट्टीखाली, दाराच्या उंबऱ्यावरच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीखाली, पायाजवळच्या बाजूच्या पॅनलमागे हात घाला. जुनी लव, टिचबटणाचा पितळी बूड, वाळलेल्या सरसाचा तपकिरी डाग, काही ना काही सापडतं. जिथे ऊन लागलं नाही तिथे मूळ रंगही कळतो. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्यावर ‘२१ गन सल्यूट’ची काँकूर, म्हणजे जुन्या गाड्यांची स्पर्धा, झाली तेव्हा लोक बॉनेट आणि लोखंडी जाळ्या बघत होते, मी मात्र दारं उघडी असलेल्या गाड्यांपाशी वाकून फ्लोअर बघत फिरलो. तिथे परीक्षक मूळ वस्तू शोधतात. तुम्हाला अशा स्पर्धेत उतरायचं असेल तर सापडलेल्या चिंध्या फेकू नका, पाकिटात घालून ठेवा. फक्त रविवारी सकाळी सयाजीबागेपर्यंत चक्कर मारायची असेल, तर रंग जुळला तरी पुरे. व्हिंटेज नोंदणीची काळजी नको. २०२१चा नियम चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांबद्दल बोलतो, कार्पेटबद्दल नाही.

कापड. दुकानात तीन गोष्टी दाखवतील. पहिलं, गाड्यांसाठी म्हणून मिळणारं सुईने ठोकलेलं पॉलिप्रॉपिलीन: स्वस्त, पाणी पीत नाही, गोलाईवर वळतं, पण जुन्या गाडीत ते परकं दिसतं आणि उष्णता सोसत नाही, साधारण १६० अंशाला वितळतं. सिलेन्सरच्या पाइपजवळचा पत्रा तेवढा तापत नाही, पण ते त्याआधीच मऊ पडून दबतं. दुसरं, कापलेल्या लवेचं नायलॉन. चालणाऱ्या गाडीसाठी मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. झिजत नाही, धुता येतं, रंग टिकतो. तिसरं, लोकरीचं. दिसायला याच्याजवळ कुणी जात नाही, चांगल्या ब्रिटिश गाड्यांत हेच असे. पण बडोद्याच्या पावसाळ्यात लोकर ओली राहिली की वास येतो, आणि कसर लागते. गाडी झाकलेल्या गॅरेजमध्ये राहणार असेल आणि तुम्ही महिन्यातून एकदा तुकडे बाहेर काढून झटकणार असाल तरच घ्या.

लोकर म्हणून काय विकतील याचा भरवसा नसतो. एक धागा उपटून काडेपेटी लावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की विझते, आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. रंग उतरतो का ते पाहायला पांढरा ओला रुमाल घासून बघा. आणि तुकडा पाठ बाहेर करून दुमडा. पाठीला तडे गेले किंवा ती पुठ्ठ्यासारखी उभी राहिली, तर ते कापड टनेलवर बसणार नाही. घरातल्या गालिच्यांची हीच अडचण असते, पाठ कडक. मायनरला किती कापड लागेल याचा नक्की आकडा कागदी साचे मांडल्यावरच निघतो, कारण सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला हवी. एक तुकडा उलटा कापला तर त्याच कापडाचा तो तुकडा उन्हात दुसऱ्या रंगाचा दिसतो. मी लव मागे झुकलेली ठेवतो.

आता फ्लोअर. नुसता रंग चमकतो म्हणून फसू नका. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणतो, पुट्टी भरलेली जागा बद्द आवाज देते. मायनरमध्ये दाराखालचे बॉक्स, फ्लोअरची बाहेरची कड आणि आडव्या पट्टीची टोकं आधी जातात. तिथे बद्द आवाज आला तर वेल्डिंग आधी, कार्पेट नंतर, मग दिवाळी हुकली तरी. पत्रा ठीक असेल तर सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, उरलेल्या डागांना फॉस्फरिक अॅसिडवालं औषध, त्यावर इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीम सीलंट, मग रंग. फ्लोअरमधली पाणी जाण्याची भोकं सीलंटने बुजवू नका, रबरी बूच लावा.

सध्या पाऊस चालू आहे हे बरंच झालं. कार्पेट नसतानाच गाडी पावसात उभी करा, नाहीतर पाइप लावा. एक माणूस बाहेरून पाणी मारेल, दुसरा आत टॉर्च घेऊन बसेल. पुढच्या काचेचे खालचे कोपरे, पेडल वर येतात ती भोकं, दारांच्या खालच्या कडा, हे पाहा. कोरड्या फ्लोअरवर खडूची पूड भुरभुरवली की पाण्याची वाट लगेच दिसते. हे न करता कार्पेट बसवलं तर पुढच्या जुलैत पाणी कुठून येतंय हे शोधायला तेच कार्पेट पुन्हा काढावं लागेल.

खाली घालायला ज्यूटचा नमदा टाळा. बंद पेशींचा फोम मिळतो, एक्सएलपीई शीट मागा, पाच मिलिमीटरचा पुरतो. मऊ वाटावं म्हणून दहा-बारा मिलिमीटर घालायचा मोह होतो, पण मग पेडलचा प्रवास कमी होतो, सीटचे बोल्ट पकडत नाहीत आणि दार लावताना कड अडकते. हे शेवटी सोयीचं नव्हे तर जिवाचं काम आहे: ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा, दहा वेळा, वेगवेगळ्या कोनातून. पेडल कुठेही कापडाला टेकलं किंवा परत यायला आळसावलं, तर तिथलं कापड कापा. क्लच आणि ब्रेकचे दांडे फ्लोअरमधून येतात, त्यांच्या भोवतीची चीर दांडा पूर्ण खाली गेल्यावरही मोकळी राहिली पाहिजे. सुट्या तुकड्याला पुढे निदान दोन टिचबटणं हवीतच, म्हणजे तो पेडलखाली सरकणार नाही.

कापायचं थेट कापडावर नाही. खाकी कागदाचे साचे काढा, त्यावर बाजू, पुढची दिशा आणि लवेचा बाण लिहा. टनेलसाठी कागद मधोमध टेकवून खाली दाबत न्या. जिथे घडी पडते तिथे चीर द्या. कापडात तिथे पाचर काढून सांधा मागून शिवायचा. कापड कागदापेक्षा चारी बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर मोठं कापा, बसवल्यावर छाटा. आधी टनेल, मग पुढच्या उभ्या बाजू, मग चाकांचे उंचवटे, फ्लोअरचे तुकडे सगळ्यांत शेवटी, म्हणजे वरच्यांच्या कडा त्यांच्याखाली जातात. कडांना रेक्झिनची पट्टी शिवून घ्या, जाड कापडाला साधं घरगुती मशीन चालत नाही. ड्रायव्हरच्या टाचेखाली रबराचा किंवा रेक्झिनचा जाड तुकडा शिवा, तिथे कापड पहिल्यांदा झिजतं.

बोल्टच्या भोकांसाठी कार्पेटमध्ये ड्रिल घालू नका. ड्रिलच्या टोकाला एक धागा गुंडाळला की ओळच्या ओळ उसवत जाते. टोच्याने जागा शोधा आणि तापवलेल्या सळीने भोक पाडा, नायलॉनची कड वितळून तिथेच बंद होते. लोकर असेल तर पंचाने.

चिकटवायला रबरी सोल्यूशन, फेविकॉल एसआरसारखं; पांढरं लाकडाचं फेविकॉल नाही. दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोट लावून पाहा, चिकट लागलं पण बोटाला आलं नाही की मगच टेकवा. एकदा टेकलं की सरकत नाही, म्हणून दोघांनी धरा आणि मधून बाहेर दाबत जा. दारं उघडी, आसपास बिडी-वेल्डिंग काही नको. हवा दमट असताना हे करू नका: द्रव उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि जोड कच्चा राहतो. बाहेरून घट्ट वाटतो, उन्हाळ्यात सुटतो. मे महिन्यात तर बंद गाडीतही टनेल चांगलाच तापतो, म्हणून सिलेन्सरकडच्या बाजूला पत्र्यावर आधी उष्णता अडवणारी अॅल्युमिनियमची शीट लावा.

म्हणजे तुमचं वेळापत्रक साधारण असं बसेल. आत्ता पावसात गळती शोधणं आणि काचेचं रबर बदलणं. सप्टेंबरात फ्लोअरचा गंज, प्रायमर, रंग, आणि कागदी साचे. शिलाई तोवर उरकता येते. चिकटवायचं काम ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर. पण नवरात्रात कुणाच्या भरवशावर राहू नका, गरब्याच्या दिवसांत बडोद्यात सकाळी अकराच्या आत कारागीर हाती लागत नाही. दसऱ्यानंतर दोन दिवस मोकळे ठेवलेत तरी दिवाळी गाठता येईल, पत्रा साथ देत असेल तर.

सीटकव्हरवाल्याला सोडायची गरज नाही. शिलाई आणि कडा बांधणं त्याच्याकडूनच करून घ्या, त्यात त्याचा हात माझ्याइतकाच बसलेला असेल. फक्त साचे तुमचे, फोम तुमचा, आणि सपाट फ्लोअरवर सोल्यूशन लावायचं नाही हे आधी सांगून ठेवा, पैसे ठरवायच्या वेळीच.

तीन फोटो पाठवा: गिअरबॉक्सचं कव्हर काढून टनेलचा, ड्रायव्हरच्या पायाखालच्या झाकणाचा, आणि दाराजवळच्या फ्लोअरच्या कडेचा, दोन्ही बाजूंनी. ते पाहिले की किट की शिलाई, आणि कापड किती, हे नक्की सांगता येईल.